मोटार आणि घरचे गुपित

पूर्वी मोटार घेताना आम्ही यंत्र व चाके तपासून पाहत असू. आता तिची स्मरणशक्तीही तपासली पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने जुनी मोटार घेतली. तिच्या पडद्यावर पहिल्या मालकाच्या आप्तांचे दूरध्वनी क्रमांक, घराचा पत्ता, एवढेच नव्हे तर मुलीच्या वसतिगृहाचा मार्गही तसाच राहिला होता! आम्ही ते सर्व पुसविले. परंतु ती मोटार एखाद्या दुर्जनाच्या हाती पडली असती तर?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि मोझिला फाउंडेशनने २०२३ साली मोटारींच्या २५ ब्रँडांची या दृष्टीने परीक्षा घेतली, तेव्हा एकही उत्तीर्ण झाला नाही.

म्हणून मोटार कोणती माहिती कोणास पाठविते, हे खरेदीपूर्वीच विचारावे. मोबाइल जोडताना त्यातील क्रमांकांची यादी मोटारीस देऊ नये. विकताना सर्व नोंदी पुसाव्यात व कंपनीच्या ॲपमधून आपले नाव काढावे. वर्ग सोडताना फळा पुसावा, असे आम्ही मुलांना सांगत असू. मोटार सोडतानाही आमचे सांगणे तेच आहे.