परमुलखातील बॅगपाइप

बॅगपाइप म्हटले की चौकड्यांच्या किल्टमधील वादक आणि त्यांच्यामागील स्कॉटलंडचे धुकट डोंगर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु १९८७ साली ग्लासगो येथील जागतिक स्पर्धेत पहिल्या श्रेणीचे विजेतेपद गेले ते अटलांटिकपलीकडे, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील ‘सेव्हन्टी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स’ या पथकाकडे. १९८१ पासून ओळीने सहा वर्षे हा मान ग्लासगोच्याच पोलीसदलाने राखला होता. स्कॉटलंडबाहेर तर तो तोवर कधीच गेला नव्हता. विजेत्या पथकाचे प्रमुख बिल लिव्हिंग्स्टन हे व्यवसायाने वकील होते.

या यशाचे मोल कळावयाचे तर वाद्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. पिशवीत फुंकून भरलेली हवा वादक काखेने दाबतो आणि ती चार नळ्यांतून बाहेर पडते. तीन नळ्या, आपल्याकडे सनईला साथीदार सूर धरतो त्याप्रमाणे, एकच स्वर अखंड धरतात. त्यांतील एक खालच्या सप्तकात. चौथीवर, म्हणजे चँटरवर, बोटांनी चाल वाजते. तीत स्वर अवघे नऊ. आवाज लहानमोठा करता येत नाही, मध्येच थांबवता येत नाही. एकच स्वर दोनदा घ्यावयाचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श देऊन तो तोडावा लागतो! त्यातून हवेतील ओलाव्याने पत्ती बदलते आणि स्वर ढळतो. अशी पंधरा-वीस वाद्ये एका वाद्यासारखी वाजणे, हीच खरी परीक्षा.

मग या वादकांना परके म्हणावे काय? ज्या पलटणीचे नाव पथकाने घेतले, ती १७५७ साली उभारली गेली, १७५९ मध्ये क्वेबेकला लढली आणि १७६३ मध्ये मोडली गेली; तिचे अनेक शिपाई कॅनडातच राहिले. १७७३ साली ‘हेक्टर’ जहाज सुमारे २०० स्कॉट माणसे घेऊन नोव्हा स्कोशियातील पिक्टू येथे लागले. पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावलेली कुळेही तिकडे गेली. सूर त्यांच्याबरोबर गेला. तो गहाण ठेवून जाता येत नाही.

मात्र या पथकाने केवळ वारसा सांभाळला नाही. डॉन थॉम्प्सन यांची ‘जर्नी टू स्काय’ ही दीर्घ रचना त्याने वाजविली. कवायतीच्या वाद्याला मैफलीत बसविणे जुन्यांना रुचले नसेल, तर त्यात नवल नाही.

पुढे वाट रुळली. ब्रिटिश कोलंबियातील बर्नबी येथील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या पथकाने १९९५ ते २००९ या काळात सहा वेळा हे पद मिळविले. १९९८ साली ते मेलबर्नच्या पोलिसांकडे गेले. बर्नबीच्या पथकाने मुलांसाठीही पथके चालविली. तेथे नवशिक्याला प्रथम पिशवी मिळत नाही. हाती येते ती सरावाची साधी नळी, आणि तिच्यावर बोटे बसेपर्यंत बराच काळ जातो.