बंबात काय घालताय?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर, जिन्यात बसून हे ऐकत असलेल्या मुलामुलींनो, वेळ थोडा आहे. झटपट खाऊ नका, असं सांगायला मी आलेली नाही. परीक्षा तोंडावर आल्यावर स्वयंपाक कोण करत बसणार? झटपटच खा. पण त्यात डाळ, दाणे, अंडं, दही यांपैकी एक काहीतरी असू द्या. एवढंच माझं म्हणणं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद. मग खोलीवर काय चालतं ते मला ठाऊक आहे. विजेच्या किटलीत पाणी उकळतं, शेवयांचा चौकोन मोडून आत पडतो, मसाल्याची पुडी दातांनी फाडली जाते. नवाला जेवण उरकलं, की अकराला पुन्हा भूक. मग चहा नि क्रीमचं बिस्कीट. साडेबाराला पुन्हा चहा.

शेवया मैद्याच्या, बिस्कीट मैद्याचं, पाव मैद्याचा. आजोळी पाण्याचा बंब पाहिलाय ना? त्यात चिपाडं घातली, की भडका उठतो आणि पाणी तापायच्या आत विझतो. पुन्हा चिपाडं, पुन्हा भडका. माणूस बंबापाशीच अडकून पडतो. जाडसं लाकूड सरकवलं, की उठून दुसऱ्या कामाला लागता येतं. डाळ-दाणे हे तुमचं लाकूड. आणि चहा? ती फुंकणी. फुंकणीनं जाळ वाढतो, जळण नाही वाढत.

म्हणून पुन्हा सांगते. शेवया करायच्या आधी त्याच किटलीत दोन अंडी उकडा. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं चालत नसेल तर मूठभर भाजलेले दाणे घ्या. मसाल्याची पुडी अर्धीच घाला, तिच्यात मीठ असतं. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अहो, झटपट खाणं आपल्याकडे का नव्हतं? सातूचं पीठ दूध-गुळात कालवलं, की झालं. मेसच्या भातावर मेतकूट घ्या, ते भाजलेल्या डाळींचंच असतं. आणि आईनं एसटीनं पाठवलेली दाण्याची चटणी खवट होईपर्यंत कोणासाठी ठेवता रे?

आता राज्यसेवेची पूर्वपरीक्षा. सकाळी सामान्य अध्ययन, दुपारी सीसॅट, आणि मधे केंद्राबाहेर दोन वडापाव. वड्याचं पीठ डाळीचंच, असं म्हणाल. पण तेवढ्या पातळ आवरणानं काय होतंय? सीसॅटला 33 टक्के पुरतात म्हणून तुम्ही निर्धास्त. पण दोन तासांत 80 प्रश्न, हातभर लांबीचे उतारे आणि तुमच्या बंबात नुसती राख! पोळीला तीच दाण्याची चटणी लावून गुंडाळी न्या, सोबत दही. तड लागेल इतकं मात्र खाऊ नका.

चहाचं एक राहिलं. जेवणावर लगेच चहा घेतला, की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. मुलींनी तर खासच... बरं, काचेपलीकडून खूण होतेय. थांबते. आजच पाव किलो फुटाणे आणा, हे तेवढं लक्षात ठेवा. आणि अभ्यासिकेत कुडुमकुडुम वाजवू नका, बाहेर येऊन खा. नमस्कार.