वाफेचं इंजिन जुळवताना

श्रोतेहो, नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिचे रूळ दोन फुटी. एका फुटाला सोळा मिलिमीटर धरले, की हेच अंतर बत्तीस मिलिमीटर होते.

या मापाचे एक इंजिन मी पेटीतल्या सुट्या भागांतून जुळवले. पण ते लंगडू लागलं! दोन्ही बाजूंच्या चाकांवरच्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात लागतात. एका बाजूचा दांडा आसाच्या सरळ रेषेत येऊन अडला, की दुसरा चाक ओढून नेतो. तिन्ही आसांवर हा कोन तंतोतंत सारखा हवा. घाईत माझा एक चुकला होता.

चाकं उतरवून पुन्हा बसवली, तेव्हा कुठं इंजिन चाललं. शिक्षकमित्रहो, काटकोन असाही शिकवता येतो!