अस्थी, सांधे आणि ग्रीक शब्द



हाडांच्या डॉक्टरांकडून परतणाऱ्या वृद्धाच्या हातातील कागदावर पुष्कळदा 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' हा शब्द असतो. दुखणे गुडघ्याचे, पण धसका नावाचाच अधिक! वस्तुतः त्यातील घटक अगदी साधे आहेत. 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड आणि 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा. 'आयटिस'ची हकिकत मात्र थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. मूळ ग्रीकमध्ये तो केवळ विशेषण सिद्ध करणारा प्रत्यय होता. 'सांध्याचा रोग' अशा अर्थाच्या शब्दजोडीत तो येई. पुढे 'रोग' हे विशेष्य गळून पडले आणि विशेषणच नाम झाले. 'पैठणी साडी'तील साडी गळून 'पैठणी' उरावी, तसाच हा प्रकार. वैद्यकाने मग या प्रत्ययाला 'दाह' असा निश्चित अर्थ दिला.

'ओसिस' हा प्रत्यय निराळा. तो विकृत अवस्था दाखवितो. 'स्पाँडिलॉस' म्हणजे मणका. वयोमानाने मणके झिजले की 'स्पाँडिलोसिस'; मणक्यांना दाह झाला की 'स्पाँडिलायटिस'. आपल्याकडे मान दुखू लागली की सर्रास दुसरेच नाव घेतले जाते. पण वयाबरोबरची झीज आणि ऐन तारुण्यात कणा ताठर करून टाकणारा दाह ही दुखणी भिन्न, त्यांचे उपचारही भिन्न. एका प्रत्ययाची गफलत घरात नसती काळजी आणते; क्वचित खरी काळजी दडवूनही ठेवते.

हे शब्द आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. 'ऑस्टिऑन' आणि संस्कृत 'अस्थि' ही एकाच कुळातील भावंडे. गुडघ्याला ग्रीक 'गोनू' म्हणतात, संस्कृत 'जानु'. पायाचे ग्रीक रूप 'पोड' आणि आपला 'पाद' यांचेही नाते तेच. याच 'पोड'पासून 'पोडाग्रा' झाला. पायाच्या अंगठ्याचा सांधा अकस्मात सुजून ठणकू लागतो, त्या व्याधीचे हे नाव. शब्दशः अर्थ, पाय पकडणारा सापळा. ज्याने तो ठणका सोसला असेल त्याला याहून नेमका शब्द सुचणार नाही. चरकसंहितेतील 'वातरक्त' या व्याधीची लक्षणे याच्याशी पुष्कळशी जुळतात. पण तेथे नाव वेदनेवरून नव्हे, कारणावरून दिलेले आहे. ग्रीकांनीही क्वचित तसे केले. 'रूमॅटिझम'च्या मुळाशी 'र्‍हेउमा', म्हणजे प्रवाह, हा शब्द आहे. शरीरातील दूषित द्रव वाहत जाऊन सांध्यांत साचतो, अशी जुनी समजूत होती. आधुनिक वैद्यकाने ती सोडली, शब्द तेवढा राहिला.

'ऑर्थोपेडिक्स' हा शब्द मात्र ग्रीकांचा नव्हे. 'ऑर्थॉस' म्हणजे सरळ, 'पैडिऑन' म्हणजे मूल. या दोहोंपासून तो घडविला निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने. मुलांच्या शरीरातील व्यंगे कशी टाळावीत व सुधारावीत, यावरील त्याचा ग्रंथ 1741 साली प्रसिद्ध झाला. वाकडे वाढणारे रोप खुंटाला बांधल्याचे त्यातील चित्र या शाखेचे बोधचिन्ह बनले. आता त्याच नावाच्या विभागात आजोबांच्या खुब्याचा सांधा बदलला जातो.