कंबर आणि गादी

श्रोतेहो, आपला यवतमाळ जिल्हा कपाशीचा. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या आयाबहिणींची कंबर रात्री ठणकते. मग कोणी सांगतो, "फळीवर निजा!" पूर्वी डॉक्टरही तसेच सांगत. पण स्पेन देशात कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर ९० दिवस प्रयोग झाला. २००३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला.

आता आपल्या घरात पाहू या. बाज सैल असेल तर पाठीची झोळी होते; दोरी ओढून घट्ट करा. कापसाच्या गादीत गाठी झाल्या असतील तर ती पिंजून भरून घ्या, ऊन दाखवा. उताणे निजून कंबरेखाली हात घाला. खाली मोठी पोकळी राहिली, तर गादी फार कडक. हात शिरेचना, तर फार मऊ. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते.

मात्र गादी म्हणजे औषध नव्हे. दिवसचे दिवस पडून राहू नका, थोडे हिंडाफिरा. पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप आला, तर तडक दवाखाना गाठा. गुरुजी, एवढे गावात जरूर सांगा.