मोटेचा नाडा



आत्ता आपण ‘फकिरा’ पाहिला. शिट्ट्या झाल्या, मीही एक मारली. सिनेमा १९६३ चा, अण्णाभाऊंची कादंबरी १९५९ ची. अण्णाभाऊ वाटेगावचे. ते जन्मले १९२० साली, तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं; आता सांगलीत आहे. तेव्हा फकिरा साताऱ्याचा का सांगलीचा, हा वाद इथं नको. उपाशी माणसांचा तो.

मला बोलायचंय ते दुसरंच. मराठी सिनेमातलं खेडं आठवा. विहीर आलीच, मोट आली. बैल दिसतात, नायिका दिसते, पाटलाच्या मिशा दिसतात. पण मोट ओढायला नाडा लागतो. तो कुणी वळला? मांगानं. घायपात कापायचा, पाण्यात कुजवायचा, बडवायचा, वाख काढायचा, मग पीळ. नाडा, सोल, कासरा, दावं. सगळं शिवार त्याच्या दोरावर बांधलेलं. मोबदला काय? सुगीला खळ्यावर बलुतं, तेही हात पसरून. त्या हाताचा क्लोजअप मला तरी कुठं दिसला नाही. मांग पडद्यावर येतो तो हलगी वाजवायला, नाहीतर चोर म्हणून.

अण्णाभाऊंनी नेमकं तिथं बोट ठेवलं. माणसं भुकेनं मरायला लागल्यावर फकिरा धान्य लुटतो, वाटतो. सरकारी दप्तरात तो गुन्हेगार. १८७१ च्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कायदा गेला १९५२ साली. हजेरीची ती बेअब्रू कादंबरीत आहे.

पण आमचंही एक खोटं आहे. तलवारवाला मांग आम्हाला आवडतो. दोर वळणारा आठवला की मान खाली जाते. माझी आजी दोर वळायची. इंजिनं आली, मोटा गेल्या, नायलॉन आलं, धंदा बसला. कॉलेजात कुणी विचारलं तर मी ‘घरी शेती’ म्हणायचो. शेत वीतभर नव्हतं!

एकदा टीव्हीवर असाच एक सिनेमा लागलेला. मोट चालू, गाणं चालू. सगळे गाण्यात. आजी म्हणाली, “नाडा कच्चा हाय रं. पीळ न्हाई त्येला. बैल तोंडघशी पडत्याल.”

आजी गेली. चुलत्याला अजून वळता येतं. त्यानं घायपात भिजत घातलाय. उद्या सकाळी मी मोबाईल घेऊन त्याच्याकडं जातोय, सगळं काम पहिल्यापासून टिपायला. ज्याला यायचं त्यानं यावं. वास मात्र लई येतो, आधीच सांगून ठेवतो.