नाव, कागद आणि सरकारी ठेका
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पेणजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. म्हणजे सरकारी पैशातून होणारी वाहतुकीची कामे अगदी आपल्या उंबऱ्याशी आहेत. तरी आपल्यातले बरेच जण तेथे दुसऱ्याच्या हाताखाली गाडी चालवतात. "आपले नाव वाचले की निविदा बाजूला पडते," असे पालक मला म्हणतात. तसे कुठे होतच नसेल, असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण आधी कायदा पाहू.

मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह चालवण्याचा ठेका द्यायचा होता. जाहिरातीत अट होती, नोंदणीकृत हॉटेलचालक हवा आणि पाच वर्षांचा अनुभव हवा. ठेका मात्र ती अट पुरी न करणाऱ्याला मिळाला. रमणा दयाराम शेट्टी नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की सरकारी संस्था ही खासगी दुकानदार नव्हे. तिने जाहीर केलेली अट तिनेही पाळली पाहिजे. मनास येईल त्याला ठेका देणे म्हणजे घटनेच्या १४व्या कलमाचा भंग. असे असूनही शेट्टींच्या पदरात काही पडले नाही. ते उशिरा आले होते आणि त्यांनी स्वतः निविदाच भरलेली नव्हती! निकालाचा हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

अमेरिकेत रस्ते-विमानतळांच्या कामांत मागे पडलेल्या उद्योजकांना दाखला देतात. ठरावीक वंशगट आणि स्त्रिया मागासलेल्या आहेत असे तेथे गृहीत धरत. ऑक्टोबर २०२५ पासून ते गृहीत काढले, आता ज्याने त्याने आपली अडचण स्वतः सिद्ध करायची. आपल्या केंद्र सरकारच्या खरेदीत धर पाहून दाखला नाहीच. तेथे २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वाटा ठेवला. तो २०१८ साली २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के स्त्रियांसाठी. अनुसूचित जातीचा दाखला मुसलमानाला मिळत नाही, १९५० चा आदेश आड येतो. पण स्त्रियांच्या ३ टक्क्यांत आपल्या लेकी-सुना आहेतच.

यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती फुकट आहे. एजंट घेतो ते पैसे त्याचे स्वतःचे, सरकारचे नव्हेत. नोंदणी असली की अनामत रकमेत सूट मिळते, निविदा-अर्जही फुकट. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. ही सवलत माल पुरवण्यासाठी आणि सेवेसाठी आहे, रस्ता बांधण्याच्या कामासाठी नाही. मुलगा खडीच्या ठेक्याची स्वप्ने पाहत असेल तर हे त्याला आजच सांगा.

आणि बायकोच्या नावावर नोंदणी करून सारा कारभार नवऱ्याने पाहायचा, हा धंदा करू नका. उघड झाले तर नोंदणी जाते, शिवाय जी बाई खरोखर गॅरेज किंवा टेंपो चालवते तिच्याकडेही मग संशयाने पाहतात.

माझी स्वतःची हकीकत सांगतो. तरुणपणी मी एका कार्यालयात निविदा भरली होती. दर माझाच कमी होता. पण माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आणि बँकेच्या कागदावर 'सेख' होते. वडिलांचे नाव तर तीन कागदांवर तीन तऱ्हांनी. निविदा परत आली. मी कित्येक वर्षे समजत होतो की मला नावामुळे नाकारले. एका अर्थी ते खरेही होते!

म्हणून पालकांना विनंती आहे. मेळावा संपल्यावर कार्यालयाबाहेर दोन शिक्षक टेबल मांडून बसणार आहेत. पाल्याचा जन्मदाखला आणि आधार कार्ड बरोबर आणले असेल तर शाळेच्या नोंदवहीतील नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मुलींची नावेसुद्धा.